पत्ता बदलला, तरी ठिकाणा लागतो

सुरतेला माल घ्यायला गेलेल्या व्यापाऱ्याला घरच्या संगणकातली उधारी पाहायची असते. पण इंटरनेट कंपनी त्या संगणकाचा पत्ता वरचेवर बदलते. कायमच्या पत्त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. माझ्या मते ते देण्याआधी 'डायनॅमिक डीएनएस' पाहावे. एक ठरलेले नाव घ्यायचे. पत्ता बदलला की राउटर त्या नावाच्या खात्यात नवा पत्ता कळवतो. बिऱ्हाड हलले तरी दलालाकडे ठिकाणा असतो, तसेच हे.

अडचण वेगळीच आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच. म्हणून कित्येक कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. तिथे नुसत्या नावाने काम होत नाही. टेलस्केलसारखा व्हीपीएन लावावा. त्यात दोन्ही यंत्रे आतूनच बाहेर संपर्क साधतात, दार उघडावे लागत नाही.

आणि भाईंनो, रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे दार थेट जगाला उघडू नका, कुणी कितीही सोपे म्हणो! खंडणीखोर अशी दारे रात्रंदिवस चाचपतात. वहीत गिऱ्हाइकांचीही देणी-घेणी असतात, ती अमानत आहे.

वीज गेली तर? बऱ्याच संगणकांत वीज येताच आपोआप सुरू होण्याची सोय असते. गावाला निघण्यापूर्वी ती लावून घ्यावी.