गोड पाणी, कडू हिशोब

आमच्या ग्रुपमध्ये हल्ली पेनाएवढं एक यंत्र जाम भाव खाऊन आहे. टीडीएस मीटर! लातूरचा एक मित्र फ्लॅट बघायला गेला की आधी बोअरचं पाणी मोजतो, भाडं नंतर विचारतो. हसू नका राव. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने आलेलं पाणी त्या शहराने प्यायलंय. पहिल्या खेपेला दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर.

पण हा मीटर सांगतो काय? पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत याचा अंदाज देतो. बस्स. कुठले क्षार, ते त्या बिचाऱ्याला कळत नाही. भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत बरा, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतो. फ्लोराइड मात्र १, फार तर १.५ मिलिग्रॅम! म्हणजे वीस लिटरच्या जारमध्ये ३० मिलिग्रॅम, चिमूटभर मिठापेक्षाही कितीतरी कमी. ते दुप्पट झालं तरी मीटर ढिम्म, आणि जिभेलाही पत्ता नाही.

नांदेडची मामेबहीण म्हणते, ‘दादा, आमच्या बोअरचं पाणी गोड आहे, डाळ पटकन शिजते.’ नेमकी तिथेच गोची आहे. कॅल्शियम आणि फ्लोराइड मिळून जे बनतं ते पाण्यात फारसं विरघळत नाही. त्यामुळे कॅल्शियमने जड झालेल्या पाण्यात फ्लोराइड फार साठत नाही; कॅल्शियम कमी असलेल्या हलक्या पाण्यात ते आरामात मावतं. त्यात नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे जमिनीखाली ग्रॅनाइट. खोल बोअरचं पाणी वर्षानुवर्षं खडकाला चिकटून राहतं आणि फ्लोराइड हळूहळू त्यात उतरतं. जिल्ह्यातल्या काही गावांत पोरांच्या दातांवर दिसणारे तपकिरी डाग त्याचेच. पुढे हाडंही धरतात. बहिणीची मुलगी चार वर्षांची, पक्के दात घडायचं वय.

‘उकळून देते की!’ उकळून जंतू मरतात, किटलीच्या बुडाला पांढरा थरही बसतो. फ्लोराइड तिथेच. उलट वाफ गेली की पाणी कमी, प्रमाण जास्त. आरओने ते बरंच निघतं, पण बाजूच्या नळीतून जाणाऱ्या पाण्यात तेच दाट होऊन उतरतं. ते फरशीला वापरा, माठात नको.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासतात. बहिणीला सांगितलंय, बाटली घेऊन जा आणि ‘फ्लोराइड बघा’ असं नाव घेऊन सांग. नुसतं ‘पाणी चांगलं आहे का’ विचारू नकोस.