ओझे कोणाचे, दंड कोणाला?

ओव्हरलोड ट्रक दिसला की लोक ड्रायव्हरला शिव्या घालतात. माझे म्हणणे असे, की शिव्यांचा पत्ता चुकतो आहे. ट्रक भरतो मालक, भरून घेतो व्यापारी आणि पकडला जातो पोटासाठी स्टिअरिंग धरणारा. त्यात आपल्या समाजातली मुलेही आहेत, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

कायदा मात्र आंधळा नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ फक्त चालवणाऱ्याला नव्हे, तर चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही दोषी धरते. २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. कलम ११३ तर म्हणते, की ड्रायव्हर हा मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते. आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. दंडाची पावती म्हणजे पुढे जाण्याचा परवाना नव्हे.

'भाडे परवडत नाही' हे जुने रडगाणे. सरकारने २०१८ मध्ये मर्यादा वाढवली. तीन ॲक्सलच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले. तरी हाव संपली का?

या हावेची किंमत रस्ता मोजतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून निघालेला हिशेब असा, की ॲक्सलवरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. आमच्या बोदलकसासारख्या गावांचे रस्ते हलक्या वाहतुकीसाठी बांधलेले. त्यावरून वैनगंगेची रेती आणि राइस मिलचे धान असे लादून गेले, तर खड्ड्यांतून जाणार कोण? सायकलवरची शाळकरी पोरे आणि दवाखान्यात निघालेली गरोदर बाई.

कुरआनात 'अल्-मुतफ्फिफीन' नावाची एक अख्खी सूरह मापात खोट करणाऱ्यांवर आहे. आपण तिचा अर्थ किराणा दुकानाच्या तराजूपुरताच घेतो. दुसऱ्याच्या हक्काचे ओरबाडणे हीच खोट असेल, तर सर्वांच्या पैशाने बांधलेला रस्ता आपल्या नफ्यासाठी फोडणाऱ्याने वेगळे काय केले? जुम्म्याला पहिल्या सफेत उभा राहणारा ट्रकमालकही यातून सुटत नाही.

मागणी साधी आहे. माल भरतो तिथेच वजन करा, वजनाच्या पावतीवर भरणाऱ्याची सही घ्या. गाडी पकडली तर मालक आणि माल भरणारा, दोघांवर गुन्हा नोंदवा, जादा माल तिथेच उतरवा. कायद्यातले 'चालवायला लावणारा' हे शब्द वापरायला कोणाची परवानगी हवी आहे?