एका जागी बसत नाही!

गेल्या श्रावणातली गोष्ट. कॉलेजातून येऊन चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच सौ.ने एक चिमुकली वही माझ्यापुढे ठेवली. आमची चिमी यंदाच्या जूनपासून शिशुवर्गात जाऊ लागली आहे. वय वर्षे साडेचार. तिच्या त्या वहीत बाईंनी लाल शाईने लिहिले होते : 'मुलगी एका जागी बसत नाही. घरी समज द्यावी.'

"द्या आता समज!" सौ. म्हणाली. "पोरांना समज देण्याचाच तर तुमचा धंदा!"

वाचकहो, माझ्या धंद्याची गोष्ट न काढलेली बरी. माझ्या वर्गात ऐंशी मुलेमुली तासभर एका जागी बसतात. काहींची तर पापणीही हलत नाही, कारण ती मिटलेली असते. नुसत्या बसण्याने विद्या येत असती तर एव्हाना आमच्या भांडुपात संतवाङ्मयाचे निदान पन्नास पंडित निपजले असते! तरीही बापाचे कर्तव्य म्हणून मी चिमीला समोर बसवून समज दिली. तिनेही ती निमूटपणे ऐकली. फक्त ऐकता ऐकता ती कोचावर चार वेळा चढली आणि तीन वेळा उतरली.

पुढच्याच रविवारी आम्ही आईकडे गेलो. आई अजून टेंभीपाड्याच्या आमच्या जुन्या बिऱ्हाडात राहते. ज्यांनी भांडुप पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की स्टेशनाच्या पूर्वेला मिठागरे आणि खाडी, तर पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्ग ओलांडला की जमीन हळूहळू विहार तलावाच्या डोंगराकडे चढू लागते. वरच्या वस्त्यांतून पायऱ्यांवाचून गत्यंतर नाही. आईच्या दारापुढच्या पायऱ्यांवर चिमीच्याच वयाची चार-पाच पोरे धडाधड उड्या मारीत होती. चिमी हरखून त्यांच्यात गेली, पायरीच्या कडेला उभी राहिली, खाली पाहिले... आणि हळूच खाली बसून घसरत घसरत उतरली.

"हिला उडी येत नाही!" एक चिरंजीव ओरडले.

चिमीचा चेहरा एवढासा झाला. आई दारात तांदूळ निवडीत होती. तिने मान वर केली आणि मला एवढेच विचारले, "अरे, पोरीचे पाय कुठे ठेवलेत तुम्ही?"

त्या रात्री मला झोप आली नाही. जी मुलगी शाळेत बसत नाही म्हणून तक्रार, तिला साधी एक पायरी उडी मारून उतरता येत नाही! मी चिमीच्या दिवसाचा जमाखर्च मांडला. सकाळी लिफ्टने खाली, गाडीत बसून शाळा. शाळेत तीन तास बसून अक्षरे गिरवणे. परत गाडी, परत लिफ्ट. जेवताना घास भरवायला समोर मोबाइल. दुपारी झोप. संध्याकाळी रंगांची वही, तीही बसूनच. आणि खाली आवारात खेळावे म्हटले तर तिथे पाटी : 'आवारात खेळण्यास सक्त मनाई आहे.'

आता कबुली देतो. ती पाटी मीच लिहिली आहे! दोन वर्षांपूर्वी चेंडूने एका गाडीची काच फुटली, तेव्हा सोसायटीच्या कमिटीने एकमुखाने ठराव केला आणि मराठीचा प्राध्यापक म्हणून मजकुराचे काम माझ्याकडे आले. 'सक्त' हा शब्द माझा. पाटीतले शुद्धलेखन बिनचूक आहे, याचा मला अभिमानही वाटला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून निदान १८० मिनिटे अंग हलवले पाहिजे, आणि त्यांपैकी ६० मिनिटे तरी धावणे-उडी मारणे असे दम लागणारे खेळ हवेत. एका वेळी तासापेक्षा जास्त त्याला बांधल्यासारखे बसवू नये. पडद्यासमोर बसणे दिवसाकाठी तासाच्या आतच असावे, आणि झोप १० ते १३ तास. चिमीच्या जमाखर्चात त्या १८० मिनिटांपैकी मला जेमतेम चाळीस सापडली. त्यांतली बरीचशी कोचावर चढण्या-उतरण्याची!

शिवाय, पळण्यात अभ्यास बुडतो ही आपली समजूतही खरी नव्हे. मुलाचे स्नायू आधी खांद्यात स्थिरावतात, मग कोपर, मनगट आणि शेवटी बोटे. जे मूल लोंबकळते, चढते, माती मळते, त्याचा हात पेन्सिलीला लवकर तयार होतो. उघड्यावर उजेडात खेळणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याचे प्रमाणही कमी आढळते. २०२२ साली आपल्याकडे पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातही शारीरिक विकास हे क्षेत्र पहिले मांडले आहे.

पण मला, माझ्या सवयीप्रमाणे, नवल वाटले ते शब्दांचे. फ्रोबेलने १८४० साली आपल्या शाळेला 'किंडरगार्टन' म्हटले, म्हणजे मुलांची बाग. आपली 'बालवाडी' तीच. नारळीची वाडी असते तशी बालकांची. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला काढला तो 'शिशुविहार'. विहार म्हणजे हिंडणे-फिरणे! पुढे १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाईंनी व अनुताई वाघांनी काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. तीच 'अंगणवाडी'. कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली आणि तिला 'कुरणशाळा' म्हणू लागले. बाग, वाडी, विहार, अंगण, कुरण! यातल्या एका तरी शब्दात बाक आहे का? शब्द आपण ठेवले आणि त्यांतली मोकळी जागा तेवढी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बाईंना भेटलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण त्यांनीच मला निरुत्तर केले. "सर, मला काय हौस आहे मुलांना बसवायची? चाळीस मुले, एक खोली, पुढे अंगण नाही. आणि वहीचे एक पान कोरे गेले की संध्याकाळी पालकांचे फोन : 'आज काहीच शिकवले नाही का?'"

जून महिन्यात असा पहिला फोन कोणी केला होता, हे मी इथे सांगणार नाही.

शेवटी असे ठरले, की बाईंनी रोज दोनदा बाके भिंतीला लावायची. फरशीवर खडूची रेघ ओढून तिच्यावरून चालायचे, बेडूकउड्या मारायच्या, लंगडी घालायची. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला लंगडीच्या दोन-चार उड्या जमल्या तरी पुष्कळ. शर्यत नको, बक्षीस नको, कवायतीची रांगही नको. आणि आम्ही पालकांनी कोरी पाने मोजायची नाहीत.

कमिटीची सभा मात्र चांगलीच रंगली. "परत काच फुटली तर?" काच फुटलेले काका म्हणाले. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मी म्हटले, "चेंडू मऊ रबरी ठेवू आणि दोन गाड्या दीड तास पलीकडे लावू." काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही आट्यापाट्या खेळायचो. पोरांना कोणी शिकवल्यात का?" आता रोज संध्याकाळी आवारात खडूच्या पाट्या आखतात ते काकाच.

घरीही थोडे बदलले. चिमी दोन मजले जिन्याने चढते, भाजीची लहान पिशवी स्वतः उचलते, पोळीची कणीक माझ्याबरोबर मळते. तिच्या पोळ्या मलाच खाव्या लागतात, हा या योजनेतला एकच दोष.

दसऱ्याला सोने द्यायला आईकडे गेलो. चिमी पायरीच्या कडेला उभी राहिली. खाली पाहिले. मग डोळे मिटून उडी मारली आणि सपशेल गुडघ्यावर पडली. मी धावलो, तर आईने हात धरून मला थांबवले. चिमी रडली, गुडघ्यावर हळद लावून घेतली आणि परत वर चढली. तिसऱ्या उडीला ती पायांवर उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. ती त्या चिरंजीवांकडे पाहत होती!

हा मजकूर लिहीत असताना खाली आवारात किल्ल्याची माती कालवणे चालू आहे. पाटी काल बदलली. नवा मजकूरही माझाच : 'सायंकाळी ५ ते ६॥ येथे मुले खेळत असतात. गाड्या सावकाश आणाव्यात.' चिमी कोपरापर्यंत चिखलात आहे आणि सौ. वरून हाका मारते आहे. वाचकहो, तुमच्याही आवारात अशी एखादी 'सक्त' पाटी असेल, तर या दिवाळीत तिचा मजकूर एकदा वाचून पाहा. नवा मजकूर सुचला नाही, तर आमचा खुशाल घ्या.