अंतर सांगू नका, वाट सांगा

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४०० किलोमीटर. मोबाइलला विचारलं की हा आकडा क्षणात येतो, सोबत चौदा तासांचा हिशेबही. मी पुण्यातल्या शाळेत भूगोल शिकवायचे, तेव्हा पृथ्वीगोलावर दोरा ताणून मुलांकडून अशीच अंतरं मोजून घ्यायचे. आता मुलगी तिकडे असते, म्हणून तिकिटं काढते. विमान दोऱ्यावरून सहसा जात नाही, हे तिकीट काढणाऱ्याला कोणी सांगतच नाही.

तो दोरा दिल्लीहून निघून थेट हिमालय ओलांडतो, मग तिबेट, सैबेरिया, अलास्का. तिबेटवरून प्रवासी विमानं शक्यतो नेत नाहीत. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर विमान झटकन तीनेक किलोमीटर उंचीपर्यंत खाली आणावं लागतं; मास्कमधला प्राणवायू काही मिनिटांचाच असतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच! खाली यायचं तरी कुठे?

आणि वारा. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने याच फेरीसाठी अटलांटिकची वाट सोडून पॅसिफिकची धरली. आधीची वाट होती सुमारे १३,९०० किलोमीटरची, नवी १५,३०० ची. चौदाशे किलोमीटर जास्त, तरी जवळजवळ दोन तास कमी. विमान साडेचौदा तासांत पोचलं. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे. तो पाठीशी मिळाला, म्हणून सरासरी वेग हजारावर गेला. वर्गात हे उदाहरण सांगायला मिळालं असतं, तर मी पूर्ण तास त्यावरच घालवला असता.

तिसरी गोष्ट माणसांची. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, २०१९ मध्येही काही महिने केलं होतं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना मग गुजरात आणि अरबी समुद्रावरून वळसा. अमेरिकेच्या काही फेऱ्या इंधनासाठी व्हिएन्नाला उतरल्या.

यातलं काहीच विमान कंपनीच्या हातात नाही, मान्य. वाट उड्डाणाच्या काही तास आधी, त्या दिवसाचा वारा बघून ठरते, तीही तिकिटावर आधी छापता येणार नाही. पण नातवंडांना सांभाळायला निघालेले आमच्या सोसायटीतले आजी-आजोबा इन्सुलिनची वेळ, गुडघे आणि पुढचं विमान या तिन्हींचा मेळ तिकिटावरच्या एका आकड्यावरून घालतात. मला स्वतःला वाटेत इंधनासाठी थांबणार असल्याचं विमानात बसल्यावर कळलं. डब्यातली पोळी तोवर संपली होती आणि शेजारचे काका गोळी आता घ्यावी की नंतर, हे मला विचारत होते. (मी भूगोलाची!)

तेव्हा मागणी साधी आहे. गेल्या महिन्यात या फेरीला कमीत कमी किती तास लागले, जास्तीत जास्त किती आणि ती वाटेत कितीदा उतरली, हे तीन आकडे तिकीट काढतानाच भाड्याशेजारी दाखवा. कंपनीकडे ते असतातच. स्वतः दाखवत नसतील, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते दाखवायला लावावेत.