मेंदूचा घाव आणि मनाची उपेक्षा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले, तर ४,४३,३६६ जण जखमी झाले. मृतांसाठी आपण प्रार्थना करतो. जखमींपैकी ज्यांच्या डोक्याला मार लागला, त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, रुग्ण घरी येतो. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी घरच्यांच्या ध्यानी येते, की हा माणूस पूर्वीचा राहिलेला नाही. क्षुल्लक कारणावरून संताप, विस्मरण, संशय, खोल नैराश्य. मेंदूचा पुढील भाग दुखावला, की आवेग आवरण्याची शक्ती क्षीण होते. हा आजार आहे; पण लोक त्याला स्वभावदोष समजतात, कुणी बाहेरची बाधा म्हणते आणि कुटुंब मुकाट्याने सोसत राहते.

उपचारांच्या वाटेत अडथळे अनेक आहेत. मेंदूचे शल्यविशारद आणि मनोविकारतज्ज्ञ यांचे विभाग वेगळे. एकाकडून दुसऱ्याकडे रुग्ण सोपवण्याची निश्चित पद्धत बहुतेक ठिकाणी नाही. शिवाय इजा झालेला मेंदू औषधांना अधिक संवेदनशील असतो. फिट येण्याचा धोका लक्षात घेऊन अल्प मात्रेने सुरुवात करावी लागते. त्यासाठी दोन्ही शाखांचा समन्वय हवा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले होते. जिथे सर्वसाधारण मनोरुग्णाची ही स्थिती, तिथे मेंदूची इजा झालेल्यांची काय कथा?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय उपचारांचा हक्क दिला आणि विमा कंपन्यांना मानसिक व शारीरिक आजारांत भेद करण्यास मनाई केली. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मेंदूच्या इजेचा स्वतंत्र उल्लेख नाही. मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी केंद्राने विनारोकड उपचारांची योजना लागू केली, ती स्वागतार्हच आहे. तिची मर्यादा दीड लाख रुपये आणि सात दिवसांची. मनाचे दुखणे बहुधा त्यानंतरच डोके वर काढते.

म्हणून आम्हांस वाटते, की डोक्याला इजा झालेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना मानसिक तपासणीची पुढील तारीख लेखी दिली जावी. जिल्हा रुग्णालयांतील मनोविकार विभागांना ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांचे मार्गदर्शन नियमित मिळावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरोघरी पोहोचावा.

धर्मग्रामांवरही जबाबदारी आहे. संत जॉन ऑफ गॉड यांना स्वतःला ग्रानाडा येथे वेडे ठरवून कोंडण्यात आले होते. पुढे त्यांनी रुग्णसेवेलाच आयुष्य वाहिले. प्रभू येशूच्या दाखल्यातील दयाळू शोमरोनी जखमा बांधून निघून गेला नाही. त्याने उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले आणि परत येताना उरलेला खर्च चुकता करण्याचे वचन दिले. आपल्या लहान ख्रिस्ती समूहात अशा अपघातातून वाचलेले कुणी असेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा त्याच्या दारी जावे, त्याच्या पत्नीची वा आईची विचारपूस करावी आणि गरज भासल्यास डॉक्टरांकडे सोबत जावे.