पंधरा वर्षांची गाडी : ठेवावी की बदलावी?

(द्वितीय वर्ष, कला)

'जुने ते सोने' असे म्हणणारी आपली माणसे मोटारीचा विषय निघाला की एकदम उलट बोलू लागतात. बैल थकला तरी त्याला दावणीला ठेवून बेंदराला त्याची शिंगे रंगवणारा शेतकरी, गाडीला दहा वर्षे झाली की "आता ती दारात शोभत नाही" म्हणतो. दुसऱ्या बाजूला असेही लोक आहेत की गाडी काळा धूर ओकत चाललेली असते, ब्रेक दाबला तर पन्नास पावले पुढे जाऊन थांबते, तरी ते अभिमानाने सांगतात, "अजून इंजिन उघडलेले नाही!" माझ्या मते हे दोघेही गाडीकडे पाहत नाहीत. एक जण शेजाऱ्याकडे पाहतो आणि दुसरा स्वतःच्या हट्टाकडे.

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ चर्चेचा नाही. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गवंडीकाम करतात. माण तालुक्यात जिथे काम असेल तिथे दोन बिगाऱ्यांना घेऊन ते सकाळी निघतात. डिकीत घमेली, थापी, ओळंबा आणि फावडे असते. शिवाय आज्जीला महिन्यातून दोनदा साताऱ्याला दवाखान्यात न्यावे लागते. हे सारे २०११ सालच्या एका डिझेल गाडीवर चालते. अण्णांनी ती २०१७ साली जुनीच घेतली. यंदा तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होत आहेत. घरात पदवीच्या वर्गात बसणारा मी पहिलाच, त्यामुळे घरात कागद आला की तो माझ्या हातात येतो : वीजबिल, पीकविमा, आणि आता गाडीचे आर. सी. बुक. तात्या म्हणजे माझे चुलते म्हणतात, विकून टाका. आई म्हणते, हप्ता कोण भरणार? अण्णा काहीच बोलत नाहीत. म्हणून मी वही घेऊन बसलो. त्या वहीतून जे मत बनले ते येथे मांडत आहे.

प्रथम ही डिझेलची आवड आली कुठून ते पाहिले पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले. त्यात ठिणगी नसते. हवा दाबून मूळ जागेच्या साधारण विसाव्या भागात कोंबली की ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे हे इंजिन कमी तेलात जास्त ओढते. पण आपल्याकडे मध्यमवर्गाने डिझेलच्या गाड्या घेतल्या त्या इंजिनाच्या गुणापेक्षा भावाकडे पाहून. पेट्रोलचे दर २०१० साली खुले झाले, डिझेलचे मात्र सरकारी नियंत्रणात राहिले. २०१२ साली तर दोघांत लिटरमागे तीस रुपयांहून अधिक फरक पडला होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही खुले झाले आणि हा फरक घटत गेला. २०२० साली मारुतीने तर डिझेलच्या मोटारी बनवणेच थांबवले. म्हणजे ज्या कारणासाठी या गाड्या दारात आल्या, ते कारण आता बरेचसे उरलेले नाही. म्हणून नवी डिझेल गाडी घ्यावी की नाही हा प्रश्न वेगळा आणि दारात उभी असलेली डिझेल गाडी ठेवावी की नाही हा प्रश्न वेगळा. लोक या दोहोंची गल्लत करतात.

आता वहीतला हिशेब. आमची गाडी वर्षाला सुमारे आठ हजार किलोमीटर धावते. लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेलचा भाव ९० रुपये धरला तर वर्षाचे तेल ४८ हजारांचे होते. नवी लहान पेट्रोल गाडी लिटरला १८ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असे धरले, तर वर्षाला पावणेसत्तेचाळीस हजार लागतात. वाचले किती? हजार-तेराशे रुपये! त्यासाठी समजा सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,८०० रुपये बसतो. वर्षाला एक लाख सतरा हजार. सात वर्षांत सव्वादोन लाख रुपये नुसते व्याजाचे. जुन्या गाडीला दरवर्षी चाळीस हजारांची दुरुस्ती लागली (एवढी ती आजवर लागलेली नाही) तरी ती वर्षाला पंचाहत्तर हजारांनी स्वस्तच पडते. नव्या गाडीचा विमा आणि रस्ता कर यांचा तर मी हिशेबच धरलेला नाही.

पण हाच हिशेब वर्षाला तीस हजार किलोमीटर धावणाऱ्याने मांडला तर चित्र बदलते. त्याची जुनी गाडी एक लाख ऐंशी हजारांचे डिझेल पिईल. सीएनजीची नवी गाडी किलोला २५ किलोमीटर चालली आणि सीएनजी ९० रुपये किलो धरला, तर एक लाख आठ हजारांत काम होईल. वर्षाला बहात्तर हजार वाचले तर हप्त्याचा मोठा भाग त्यातूनच निघतो. म्हणून गाडी ठेवावी की बदलावी याचे पहिले उत्तर तिच्या वयात नसून ती किती धावते त्यात आहे. आणि थोडे धावणाऱ्याने नवी डिझेल गाडी तर मुळीच घेऊ नये. आताच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. गावातल्या गावात फिरवली की ती तुंबते आणि खर्चात टाकते.

तात्यांचे म्हणणे हिशेबाचे नाही, ते अब्रूचे आहे. माझी बहीण बारावीला आहे. तिचे कधीतरी लग्न होईल, पाहुणे दारात येतील, तेव्हा दारात बरी गाडी पाहिजे, असे त्यांना वाटते. मी त्यांचा मान राखून विचारतो : बहिणीला नर्सिंगला जायचे आहे. नव्या गाडीच्या एका हप्त्यात तिच्या वसतिगृहातील सुमारे तीन महिन्यांची मेस भागेल. पाहुण्यांनी काय पाहावे असे आपल्याला वाटते, दारातली गाडी की घरातली शिकलेली मुलगी? आमच्यासारख्या घरांत हप्ता हा शब्द फार सहज बोलला जातो, पण हप्ता सुरू झाला की घरात पहिली कात्री शिक्षणाला लागते, हे मी माझ्या वर्गातील दोन मित्रांच्या बाबतीत पाहिले आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न संपला, ठेवा गाडी. नाही. खरा प्रश्न येथून सुरू होतो. वहीत फक्त आमचा खर्च आहे, आमच्या मागून येणाऱ्या माणसाचा नाही. गाडीचा धूर आम्ही गिळत नाही. तो मागच्या सायकलवरची मुलगी गिळते, एस. टी. स्टँडवर उभी असलेली म्हातारी गिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग करणारा आहे असे निश्चित जाहीर केले. आमच्या गाडीच्या काळातील बीएस-३ मानकाप्रमाणे डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम काजळीची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकात ती ०.००४५ ग्रॅम आहे, म्हणजे अकरा पटींनी कमी. हा फरक कोणत्याही मेकॅनिकला भरून काढता येणार नाही. गरिबी ही सवलत मागण्याचे कारण होऊ शकते, परंतु दुसऱ्याच्या फुफ्फुसात धूर सोडण्याचा तो परवाना होऊ शकत नाही.

मग काय करावे? मला वाटते, धूर ओळखायला शिकावे. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर तुंबला असेल, नोझल झिजले असतील किंवा पंप जास्त तेल सोडत असेल. हे दुरुस्त होते आणि ते वेळेवर करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. थंडीच्या सकाळी चालू करताना थोडा पांढरा धूर आला तर घाबरू नये, पण इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले तर हेड गॅस्केट पाहावे. निळा धूर मात्र इंजिन ऑइल जळत असल्याची खूण आहे. रिंगा झिजल्या, इंजिन थकले. तेथे मोठा खर्च करण्याआधी गाडीला निरोप देण्याचा विचार करावा.

सरकारनेही वयाऐवजी धुरावरच बोट ठेवावे, असे माझे मत आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली बंदी केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे १२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने केवळ वयामुळे मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले आणि डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. म्हणजे न्यायालयाची दृष्टीही गाडीच्या जन्मतारखेवरून तिच्या मानकाकडे वळली. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले, आणि पर्यावरण कर वेगळा. माझी तक्रार शुल्काबद्दल नाही. तक्रार अशी आहे की शुल्क कडक झाले, पण तपासणी कडक झाली नाही. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीच्या धुराची घनता ६५ एककांपर्यंत चालते आणि तिचे पी. यू. सी. दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते. पण एका तपासणी केंद्रावर धुराड्यात नळी न घालताच छापील कागद हातात पडताना मी स्वतः पाहिला आहे. अशा कागदाने खराब गाडी रस्त्यावर राहते आणि चांगल्या जुन्या गाडीचीही बदनामी होते. प्रामाणिक तपासणी तालुक्याच्या गावी झाली तर आमच्यासारख्यांना ती हवीच आहे.

सुरक्षिततेचा मुद्दाही टाळून चालणार नाही. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. आमच्या गाडीत ती नाही आणि बसवताही येणार नाही. म्हणून ब्रेक, टायर आणि सीटबेल्ट यांवर खर्च करताना हात आखडता घेऊ नये आणि रात्रीचा घाट शक्यतो टाळावा. खालचा पत्रा आणि चासी गंजली असेल तर मात्र हिशेब बाजूला ठेवून गाडी थेट अधिकृत मोडणी केंद्रात द्यावी. २०२१ च्या धोरणानुसार तेथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खाजगी गाडीच्या रस्ता करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केलेली आहे. भंगारवाल्याला दिली तर हे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि तीच गाडी दुसऱ्याच्या हाती पुन्हा रस्त्यावर येण्याची भीती राहते ती वेगळीच.

हे सारे मांडून मी घरात माझे मत दिले आहे. गाडी ठेवावी, पण तीन अटींवर. पहिली अट, नोंदणीआधी नोझल आणि पंप तपासून घ्यावेत आणि पी. यू. सी. साठी नळी धुराड्यात घालायला आपणच सांगावे. दुसरी, गाडीने निळा धूर सोडला किंवा चासीने दगा दिला तर पाच वर्षे पुरी होण्याची वाट न पाहता ती मोडीत घालावी. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची : जो हप्ता वाचला, तो वाचलाच आहे असे समजून उडवू नये. त्यातले तीन हजार रुपये दरमहा पोस्टात आवर्ती ठेवीत टाकावेत. पाच वर्षांत एक लाख ऐंशी हजार मुद्दल आणि वर व्याज जमेल, आणि पुढची गाडी घेताना कर्जाचे ओझे तेवढे हलके होईल. उरलेल्या पैशांवर पहिला हक्क बहिणीच्या शिक्षणाचा.

तात्यांना हे पटलेले नाही. अण्णांनी वही दोनदा वाचली आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला नोझलचा भाव विचारला. मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या हा प्रश्न येणार आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या दारात काय उभे आहे हे पाहू नका. आपली गाडी किती धावते आणि तिच्या मागे कोण श्वास घेतो, एवढेच पाहा. आपल्या आईवडिलांनी आपल्याला चार अक्षरे शिकवली, ती परीक्षेत उत्तरे लिहिण्यापुरतीच नसावीत. घरातला एखादा कठीण हिशेब सरळपणे मांडण्यासाठी ती उपयोगी पडली, तर त्यांच्या कष्टाची तेवढी तरी फेड होईल.