किल्ली घरात, गाडी गायब

अर्ज लिहावयाचा असला की वसाहतीतील मंडळी आमच्याकडे येतात. रेशनकार्डातील नाव, जातपडताळणी, अडकलेली पेन्शन हे आमचे नेहमीचे विषय. मागील पावसाळ्यात मात्र एका भगिनीने चोरीस गेलेल्या मोटारीसाठी आमचे दार ठोठावले. ह्या भगिनी रुग्णालयात परिचारिका, यजमान एस.टी.त वाहक. दोघांच्या पगारावर कर्ज काढून त्यांनी एक जुनी चारचाकी घेतली होती, बटण दाबताच सुरू होणारी. सासर-माहेर दोन्हीकडची ही पहिलीच मोटार. तिचे पेढे आम्हीही खाल्ले होते.

"दादा, किल्ली खुंटीलाच आहे. गाडी नाही," एवढेच त्या बोलल्या.

आम्ही बरोबर पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदारांचा पहिला प्रश्न, "काच फुटलेली सापडली का?" जागेवर काचेचा तुकडाही नव्हता. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात एक इसम येतो, दार उघडतो, आत बसतो आणि निघून जातो. धावपळ नाही, भोंगा नाही. पाहणाऱ्याला वाटावे, मालकच आपली गाडी नेतो आहे. मग विमा कंपनीचा माणूस आला. त्याचे म्हणणे, दोन्ही किल्ल्या जमा करा. दुसरी किल्ली जुन्या मालकाने दिलीच नव्हती. "सापडली की पाठवतो," म्हणाला होता. दाव्याची फाईल तिथेच अडली.

आम्ही बी.कॉम. माणूस, यंत्रातले आम्हांस काय कळणार? पण अर्जात काहीतरी लिहावे लागणार, म्हणून एका ओळखीच्या मेकॅनिककडे चार संध्याकाळी बसलो आणि मिळेल ते वाचले.

ह्या गाड्यांची किल्ली खिशातून काढावी लागत नाही. दाराच्या मुठीला हात लावला की गाडी रेडिओ लहरीने हळूच हाक मारते. किल्ली एखाद-दोन मीटरवर असेल तर ती हाक ऐकून 'ओ' देते आणि दार उघडते. चोर ह्या हाकेचा आवाज वाढवितो. एक जण गाडीपाशी उभा राहतो, दुसरा तुमच्या दाराशी किंवा खिडकीशी. दोघांजवळ एकेक यंत्र. गाडीची हाक यंत्रामार्फत घरातल्या खुंटीपर्यंत पोहोचते, किल्लीची 'ओ' परत जाते, आणि गाडीला वाटते मालक जवळच उभा आहे. एकदा इंजिन सुरू झाले की किल्ली दूर गेली म्हणून ते बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात बंद पडले तर अपघात होईल. झुरिकच्या ई.टी.एच. ह्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली ८ कंपन्यांच्या १० गाड्यांवर हा प्रयोग केला. दहाच्या दहा उघडल्या. तरीही अशा गाड्या विकल्या जातच राहिल्या. इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये सॉलिहल येथील एका घरापुढची चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत दोघे जण पेट्या घेऊन येतात आणि पाहता पाहता मोटार घेऊन जातात.

दुसरा मार्ग आपल्या देशात अधिक आढळतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांची एक खाच असते. गॅरेजवाला तिला यंत्र जोडून गाडीचे दुखणे शोधतो. चोर तिथेच आपले यंत्र जोडतो आणि कोऱ्या किल्लीची गाडीत नोंद करून घेतो. दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे अशी यंत्रे व कोऱ्या किल्ल्या सापडल्या आहेत.

तिसरा मार्ग ऐकून आम्ही थक्क झालो. आजच्या मोटारीत दिवे, दारे, इंजिन ही सारी तारांच्या जोड्यांवरून एकमेकांशी बोलतात. चोर बंपर उचकटून हेडलाईटच्या मागची तार गाठतो आणि तिच्यात खोटा निरोप सोडतो की खरी किल्ली आली आहे. २०२२ साली लंडनमध्ये एका संशोधकाच्या स्वतःच्या गाडीचा बंपर असा उचकटलेला सापडला. त्याला वाटले टवाळ पोरांचे काम. काही दिवसांनी गाडीच गेली. गाण्याच्या छोट्या स्पीकरसारखी दिसणारी यंत्रे ह्या कामासाठी विकली जातात, हे त्याच्या शोधातून पुढे आले. तेव्हा सकाळी बंपर सुटलेला किंवा हेडलाईटची तार लोंबती दिसली, तर "पोरांनी केले असेल" म्हणून सोडून देऊ नका. चोर अर्धे काम करून गेलेला असू शकतो.

आमच्या भगिनीची गाडी ह्यांतील कोणत्या मार्गाने गेली, की त्या न मिळालेल्या दुसऱ्या किल्लीने गेली, ते आजही कळलेले नाही.

उपाय काय? पहिला तर फुकटचा आहे. किल्ली दाराजवळच्या खुंटीला टांगू नका. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराच्या आतल्या बाजूस ठेवा. पण डबा आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, तो तपासावा. आम्ही शेजाऱ्यांची किल्ली आमच्या पोळ्यांच्या डब्यात घालून डबा हातात घेऊन गाडीपाशी गेलो, दार खुशाल उघडले! झाकण सैल होते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याने मात्र दार उघडेना. (पोळ्यांचा डबा ह्या शास्त्रीय प्रयोगास पुन्हा मिळणार नाही, असे आमच्या सौ.ने बजावले आहे.) ह्याच कामाच्या पिशव्या बाजारात मिळतात. त्यांचे आतले अस्तर वापरून झिजते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी हीच परीक्षा घ्यावी. घरातली दुसरी किल्लीही डब्यात हवी, हे बहुतेक जण विसरतात. काही गाड्यांत ही आपोआप उघडण्याची सोय बंद करता येते. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक वाचा.

आमचा खरा भरवसा मात्र जुन्या लोखंडावर आहे. स्टिअरिंगचे कुलूप किंवा गिअर लॉक बसवा. रेडिओ लहरीने कुलूप कापता येत नाही. कापायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि चोराला नेमके तेच नको असते. स्टिअरिंगखालच्या त्या खाचेलाही झाकणाचे कुलूप मिळते. लपविलेले जी.पी.एस. यंत्र चांगलेच, पण त्याच्या लहरी अडविणारी उपकरणेही चोरांकडे असतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर आमचे एवढे ऐकाच. दोन्ही किल्ल्या हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन गाडीत किती किल्ल्यांची नोंद आहे ते पाहा आणि जुन्या नोंदी पुसून घ्या. गाडी धुवायला दिली तरी किल्ली दिवसभर तिथे सोडू नये.

आता कागदांविषयी, कारण तो आमचा प्रांत. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक पैसाही मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला तरी भरपाई आय.डी.व्ही.प्रमाणे, म्हणजे गाडीच्या त्या वर्षी ठरलेल्या किमतीइतकी. तीही कर्ज असेल तर आधी बँकेकडे जाते. चोरी कळताच त्याच दिवशी गुन्हा नोंदवा आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की गुन्हा ताबडतोब नोंदविला असेल, तर केवळ कंपनीला कळविण्यास उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येणार नाही. तपासात गाडी सापडली नाही तर आपल्याकडे पोलीस 'अ' समरी अहवाल पाठवितात, म्हणजे गुन्हा खरा पण उलगडा नाही. त्याची नक्कल दाव्याला लागते. एक किल्ली हरवली असेल तर ती हरवली तेव्हाच तक्रार नोंदवून ठेवावी. चोरीनंतर नोंदविलेल्या तक्रारीकडे संशयाने पाहतात.

काच फुटली नाही म्हणजे मालकाचाच हात, असे उघड कोणी म्हणत नाही. पण प्रश्न विचारण्याची रीत तीच असते. आमच्या भगिनीला रात्रपाळीच्या वेळा, माहेरचे पत्ते, कर्जाचे हप्ते सारे विचारले गेले. नवऱ्याकडे बोट दाखविणारा एक प्रश्नही झाला. त्या रडल्या नाहीत. ड्युटीचे रजिस्टर आणून समोर ठेवले.

जुन्या मालकाकडून "दुसरी किल्ली दिली नव्हती" असे लेखी मिळविण्यास आम्हांस तीन खेपा झाल्या. ते पत्र, कॅमेऱ्यातील चित्रफीत आणि 'अ' समरीची नक्कल जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. दोन तारखा झाल्या, कंपनीने मुदत मागून घेतली. बँकेचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला कापला जातो.